हलकी रायफल, जड कायदा : .३१५ या आकड्याची गोष्ट

मागे जो खडखडाट ऐकू येतोय तो उसाच्या ट्रॉल्यांचा आहे. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यालगत घर आणि त्यात कारखान्यांचा हंगाम, म्हटल्यावर करकंबात शांतता मिळायची नाही. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिलाय. त्याचा मेसेज असा : "दादा, अमेरिकेतले लोक एल्कच्या शिकारीला डोंगरात आठ-आठ दिवस पाठीवर सामान घेऊन हिंडतात. त्यासाठी हलकी रायफल कुठली, काडतूस कुठलं, यावर तासतासभर व्हिडिओ आहेत. आपल्याकडे जेव्हा शिकार चालायची तेव्हा लोक काय वापरायचे? आणि कोण ठरवायचं?"

मेसेज आला त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक कागद येऊन पडला होता. आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या बंदुकीचा. त्यावर माझी सही हवी होती. म्हणून म्हटलं, हा भाग करायचाच. कागदाचं शेवटी सांगतो. आधी प्रश्न.

एल्क म्हणजे नक्की कोण?

एल्क हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. नर साधारण तीनशे-साडेतीनशे किलोचा. युरोपात मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा, तिकडे एल्क म्हणजे मूस. गोरे लोक जिथे गेले तिथे दिसलेल्या मोठ्या हरणाला त्यांनी ओळखीचं नाव चिकटवून टाकलं. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सॅम्युएल बेकर नावाचा इंग्रज शिकारी एकोणिसाव्या शतकात 'एल्क'च्या शिकारीची वर्णनं लिहायचा. ते एल्क म्हणजे आपलं सांबर! आणि बेकर त्यांच्यामागे कुत्री सोडायचा, सुरा घेऊन धावायचा. रायफल हलकी की जड हा प्रश्नच नाही.

तेव्हा आपल्याकडचा एल्क म्हणजे सांबर, सह्याद्रीतला नाहीतर मेळघाटातला. मोठा नर अडीचशे-तीनशे किलोपर्यंत भरतो. आमच्या सोलापूरच्या माळावर सांबर नाही, इथे काळवीट. तो पस्तीस-चाळीस किलोचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वजनाचं साधं गणित

आता रायफल हलकी का हवी, हे वेगळं सांगायला नको. दिवसभर डोंगर चढायचा तर खांद्यावरचा प्रत्येक पाव किलो संध्याकाळी जाणवतो. मग सगळेच सर्वांत हलकी का घेत नाहीत? कारण बंदूक मागे धक्का देते. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्या जोराने बंदूक मागे येते, शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम. काडतूस तेच ठेवून साडेचार किलोच्या रायफलऐवजी तीन किलोची घेतली, तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. खांदा दुखतो ते सोडा. खरी अडचण अशी की दोन-चार वेळा धक्का खाल्ला की माणूस चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो, डोळे मिटतो. नेम चुकतो. जनावर जखमी होऊन निघून जातं, आणि कुठेतरी झुडपात दोन दिवस तडफडून मरतं.

म्हणजे हलकी रायफल घ्यायची तर काडतूसही सौम्य घ्यावं लागतं. आणि सौम्य काडतूस घेतलं तर नेम पक्का लागतो, जवळ जावं लागतं, धीर धरावा लागतो. अमेरिकेतले ते तासभराचे व्हिडिओ शेवटी याच ताळमेळाबद्दल असतात.

काडतुसाचे आकडेही इथेच सांगून टाकतो. .३०३, .३१५, .४५० हे नळीच्या आतल्या व्यासाचे आकडे, इंचांत. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. 'बारा बोअर'चा हिशोब मात्र वेगळा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणून तिथे आकडा लहान झाला की नळी मोठी होते.

कॉर्बेटची निवड

हिंदुस्थानात हा ताळमेळ ज्याने उत्तम जमवला तो जिम कॉर्बेट. कुमाऊँच्या डोंगरांत पायी हिंडणारा माणूस. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. चारशे छत्तीस माणसं तिच्या नावावर होती. गंमत बघा, तिच्यावरची शेवटची गोळी त्याने तहसीलदाराच्या जुन्या, खिळखिळ्या बंदुकीतून झाडली, कारण स्वतःची काडतुसं संपली होती. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. रिग्बी कंपनीची .२७५. वजन साडेतीन किलोच्या आसपास, गोळी नऊ ग्रॅमच्या आसपास.

त्याच्याकडे दुसरी, दोन नळ्यांची जड रायफलही होती. तिची गोळी सव्वीस ग्रॅमची, म्हणजे जवळपास तिप्पट. पण चढउताराच्या मुलखात तो वारंवार .२७५ घेऊन जायचा. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ च्या मे महिन्यात याच हलक्या रायफलीने पडला, आंब्याच्या झाडावर बसून, रात्री, टॉर्चच्या उजेडात. एक माहिती आपल्यासाठी : कॉर्बेटचं पहिलं गाजलेलं पुस्तक १९४४ साली छापलं गेलं ते आपल्या मुंबईत.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. जनावर किती मोठं, चालायचं किती, खांदा किती सोसतो, ते बघायचं आणि रायफल निवडायची. पण कॉर्बेट साहेब होता. त्याला निवड होती. आपल्या गावातल्या माणसाला होती का?

आकड्यामागची भीती

जरा मागे जाऊ, १८५७ ला. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, पण तो घराघरात पोचला त्या वर्षी. चरबी लावलेली एन्फिल्डची काडतुसं, ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. बंड मोडल्यावर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायचं तर परवाना हवा. युरोपियनांना त्यातून सूट. जंगल तेच, जनावर तेच. साहेब रायफल घेऊन निघाला तर 'स्पोर्ट', आपला माणूस विनापरवाना निघाला तर तुरुंग. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होत राहिली ती उगाच नाही.

आता मजा पुढे आहे. या भीतीचे चटके खुद्द साहेबांनाही बसले. सरकारी फौजेकडे पूर्वी मार्टिनी-हेन्री रायफल होती, .४५० ची. त्या रायफली हळूहळू नको त्या हातांत गेल्या, विशेषतः वायव्य सरहद्दीवर. सरकारला वाटलं, शिकाऱ्यांसाठी म्हणून .४५० चा दारूगोळा देशात येत राहिला तर तो बंडखोरांच्या रायफलीत जाईल. म्हणून १९०७ च्या आसपास .४५० च्या आयातीवर बंदी आली. लंडनचे बंदूकवाले हवालदिल झाले, कारण हत्ती-वाघाच्या शिकारीचं त्यांचं आवडतं माप तेच होतं आणि हिंदुस्थान हे मोठं गिऱ्हाईक. मग त्यांनी काय केलं? माप जरासं सरकवलं. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसं बाजारात आली. या आकड्यांच्या मुळाशी जनावराची गरज नव्हती. सरकारी फौजेच्या मापात बसायचं नाही, एवढी एकच अट त्यांना होती.

हीच गोष्ट .३०३ ची. १८८८ नंतर ते फौजेचं काडतूस झालं आणि हिंदुस्थानात खाजगी माणसाला ते बंद झालं. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने फौजेच्या ली रायफलीचीच घडण घेतली, नळी बदलली, .३१५ ची केली आणि इकडच्या बाजारात आणली. हे .३१५ काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं. म्हणजे सैन्याचं चाललं, फक्त आपल्या सैन्याचं नको.

स्वातंत्र्यानंतर काय बदललं? १९५९ चा नवा शस्त्रकायदा आला. गोरा-काळा भेद तर नव्हताच. पण मापांची वाटणी राहिली : प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. .३०३ प्रतिबंधित. .३१५ चालतं. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनत राहिली, आणि परवाना काढून रायफल घेणाऱ्या कित्येकांच्या घरी हीच दिसते. कुणी विचारलं की .३१५ च का, तर उत्तर रानात सापडत नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या एका सरकारच्या भीतीत सापडतं.

आमच्या माळावर

हे झालं देशाचं. आता सोलापूरकडे या.

आमचा मुलूख सपाट. माळरान, कुसळी गवत, मधेच बाभळी. काळवीट इथलं मूळचं राहणारं. उघड्यावर चरतं, दीड-दोनशे मीटरवरून माणूस ओळखतं आणि मग ऐंशीच्या वेगाने निघून जातं. त्यामुळे काळविटाला रायफलच हवी. बारा बोअरचा छर्रा पन्नास मीटरच्या पुढे भरवशाचा नाही. पण रायफल हलकी असायची गरज नव्हती, कारण इथले साहेब चालत नसत. ते बैलगाडीत बसून जात. काळवीट माणसाला भितं, पण रोज शेतात जाणाऱ्या बैलगाडीला भीत नाही. गाडी हळूहळू तिरकी तिरकी जवळ न्यायची आणि गाडीआडून गोळी घालायची.

ही युक्ती आपल्या माणसांना नवी नव्हती. फासेपारधी पिढ्यानपिढ्या शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने जनावराच्या जवळ सरकत. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, फास होते. जमिनीत खुंट्या मारून फाशांची लांब माळ लावायची आणि कळप तिकडे वळवायचा. नाहीतर पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपावर सोडायचं. कळपातला नर भांडायला येतो आणि शिंगं अडकतात. तितराचा आवाज असा काढायचा की तितर चालत जवळ येतो. मघाशी म्हटलं ना, हत्यार सौम्य असलं तर जनावराची जाण जास्त लागते. तर हत्याराशिवाय शिकार करणाऱ्याला ती किती लागत असेल, विचार करा. साहेब लोकांना हे माहीत होतं. माग काढायला ते पारध्यांनाच बोलवायचे.

आणि याच लोकांचं कायद्याने काय केलं? १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला. जन्माला आलं की गुन्हेगार. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूर शहरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. पारध्यांसह कितीतरी जमातींची माणसं तिथे ठेवली गेली, गिरण्यांच्या भोंग्यावर कामाला लावली गेली. ज्यांना माळावरच्या प्रत्येक पावलाचा ठसा वाचता यायचा ते तारेच्या आत आणि ज्यांच्याकडे परवान्याची रायफल ते बाहेर. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आमच्या भागात आजही चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली

पुढचं पटकन सांगतो. स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षं माळासाठी फार वाईट गेली. जीपगाड्या आल्या, हेडलाइटमध्ये शिकार आली. आता चालायचंच नव्हतं, मग हलकी आणि जड याला अर्थच उरला नाही. काळविटं घटली, माळढोक तर संपायला आला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत गेले. काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने कागदावर अजून होते, तेही १९९१ च्या दुरुस्तीने गेले. १९७९ साली नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. सुरुवातीला कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, पुढे ते बरंच कमी केलं. माळढोक तिथे आता जवळजवळ दिसत नाही. काळवीट मात्र टिकलं, वाढलं.

माणसंही बदलली. आमच्यापासून फार लांब नसलेल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले होते. पुढे तेच नागझिऱ्यात जाऊन नुसतं बघत बसले आणि त्यावर लिहिलं. रान वाचायची सवय तीच, हातातलं हत्यार तेवढं बदललं.

आता तो कागद

आमच्या आबांकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती. पीक संरक्षणाचा परवाना. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, तो कारखाना १८६९ चा. खोक्यावर 'शक्तिमान' लिहिलेलं. लहानपणी मला वाटायचं, ती टीव्हीवरच्या शक्तिमानचीच.

आबांनी ती बंदूक चाळीसेक वर्षं सांभाळली. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायची. दर नूतनीकरणाला हेलपाटे. दसऱ्याला झेंडूचं फूल. आणि वापर? उजनीचं पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर रानडुकरं आली. दिवसा उसात बसायचं, रात्री मक्यात आणि भुईमुगात. एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखा करून टाकतात. आबा माळ्यावर बसून हवेत एक बार काढायचे. डुकरं शेजारच्या रानात जायची. शेजारी फटाका लावायचा. डुकरं आमच्याकडे यायची.

आबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा आहे. आता दोन वाटा. एक, वारसांपैकी कुणीतरी स्वतःच्या नावावर परवाना मागायचा, बाकीच्या वारसांनी संमती द्यायची. दुसरी, ती कायमची जमा करून टाकायची किंवा परवानाधारक विक्रेत्याला विकायची. चुलत्यांना ती हवी आहे. ते म्हणतात, "रानात राहतो मी. रात्री डुकरं येतात, चोर येतात. तुला काय, तू फोनमध्ये बोलतोस." त्यांचं म्हणणं खोटं नाही. मका त्यांचा जातो, माझा नाही. वडील म्हणतात, नको. त्यांचंही कारण आहे, पण ते बोलत नाहीत.

मी कायदा वाचला. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याची वेगळी परवानगी लागते. नाहीतर रीतसर पंचनामा करून भरपाई मागायची. म्हणजे चुलत्यांना त्या बंदुकीतून कायद्याने मिळणार होता तो फक्त आवाज.

आणि अजून एक. वडील शेवटी परवा बोलले. मी शाळेत असताना एका रात्री आबांनी बार काढला तेव्हा रानात डुकरं नव्हती. बांधावरून शेजारच्या पालावरची दोन पोरं जात होती. छर्रे वरून गेले. कुणाला काही झालं नाही. पोरं पळाली. आबांनी परत कधीच घरात त्याचा विषय काढला नाही आणि पुढे बार काढायचा तर आधी बॅटरी मारून बघायचे. वडील त्या रात्री त्यांच्या शेजारी बसले होते. म्हणून 'नको'.

मी जमा करायच्या अर्जावर सही केली. चुलते पंधरा दिवस झाले बोलत नाहीत. सोलर कुंपणाला पैसे घालू म्हणून मी निरोप धाडलाय. बघू.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हलकी रायफल आणि सौम्य काडतूस, हे पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, कॉर्बेटनेही तेच केलं. पण 'कोण ठरवायचं' असं तू विचारलंस, तो प्रश्न जास्त चांगला होता. आपल्याकडे जनावर बघून माप ठरवायची मुभा फार थोड्यांना मिळाली. बाकीच्यांचं माप सरकारने ठरवलं, आणि काहींच्या हातातला फाससुद्धा गुन्हा ठरवला. पुढच्या वेळी कुठे .३१५ हा आकडा ऐकलास तर हे आठव.

तुमच्या घरात अशी जुनी बंदूक, जुना परवाना, त्याची काही गोष्ट असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नावं सांगू नका, गोष्ट सांगा. सेटलमेंटमध्ये राहिलेल्या कुणाच्या आजी-आजोबांची आठवण असेल तर ती आधी पाठवा, कारण ती माणसं आता थोडी उरलीत.

ट्रॉली आली परत. थांबतो इथे. काळजी घ्या, भेटू.